पडक्या घरातील नाणे

ओसाड घराच्या जोत्यावर धातुशोधक यंत्र वाजते आणि मातीतून राणीछाप रुपया निघतो. ज्याला सापडला त्याचाच, असे मन म्हणते. शरीयत मात्र आधी मालक कोण, हे विचारते. प्राचीन, निनावी गुप्तधन ‘रिकाज’ होय. त्यातील पाचवा हिस्सा द्यावा लागतो. परंतु ज्या घराचे वारस हयात असू शकतात, तेथील ऐवज त्यांची अमानत आहे. सापडलेल्या मौल्यवान वस्तूची वर्षभर जाहीर वाच्यता करावी लागते. १८७८चा कायदाही १० रुपयांवरील गुप्तधनाची खबर जिल्हाधिकाऱ्यांना देण्यास बजावतो. सूरह कहफमधील भिंत आठवा: खालचा खजिना ठाऊक असूनही हजरत खिज्र (अलैहिस्सलाम) यांनी तो काढला नाही, दोन अनाथांसाठी भिंत सावरली. म्हणून उकरण्यापूर्वी वारसांचे दार ठोठावा.