एकांत आणि मनातली सभा



आज गीतेचा १३ वा अध्याय. ज्ञान म्हणजे काय हे सांगताना भगवंत मुख्यतः स्वभावाची लक्षणं सांगतात. सुरुवात मानाची हाव नसण्यापासून आणि दंभ नसण्यापासून. बरंच पुढे, अनन्य भक्तीला लागूनच, एकांत जागेची ओढ आणि जनसंसदेत मन न रमणं ही दोन लक्षणं येतात.

ट्रेकवाल्या मंडळींना हे फारच आवडतं. ‘माणसं नकोत, डोंगर हवेत’ या स्टेटसला थेट गीतेचा आधार! मला मात्र हा अर्थ पटत नाही.

कॅलिफोर्नियाच्या सिएरा नेवाडा पर्वतात जॉन म्युअर ट्रेल नावाची साधारण ३४० किलोमीटरची पायवाट आहे. सप्टेंबरच्या शेवटी, गर्दी ओसरल्यावर, तिचा एक टप्पा मी एकटीने चालत होते. त्यातला हा एक दिवस. सकाळी इव्होल्यूशन लेकवरून निघाले. थोड्याच वेळात झाडं संपली. म्युअर पासपर्यंत, म्हणजे ११,९५५ फुटांपर्यंत, नुसता ग्रॅनाइट आणि निळीशार तळी. कितीतरी तास माणूस दिसला नाही.

पण मनात सभा भरलेलीच! हा फोटो टाकला तर कोण काय म्हणेल, ऑफिसात हे कसं सांगायचं... जनसंसद म्हणजे माणसं नव्हेत, आपले प्रेक्षक, असं मला तिथे वाटलं. आणि प्रेक्षक सॅकेसोबत येतात.

ते पांगले एका अगदी बिनशोभेच्या कामामुळे. तिथे शौचाला पाण्यापासून लांब जायचं, सहा इंच खड्डा करायचा आणि वापरलेला टॉयलेट पेपर पुरायचा नाही, पिशवीत घालून सोबत न्यायचा असा नियम आहे. दगडाखाली ढकलला असता तर कुणाला कळणार होतं? याचा फोटो कुणी टाकत नाही, कौतुकही करत नाही. दंभ नसणं मला पाठ होतं, त्या पिशवीला गाठ मारताना ते हाताला लागलं.

खिंडीत सिएरा क्लबने १९३० च्या सुमारास बांधलेली गोल दगडी झोपडी आहे, वादळात सापडलेल्यांच्या आसऱ्यासाठी. तिथून सॅटेलाईट मेसेंजरवर आईला ‘ठीक आहे’ पाठवलं. माझी भर दुपार, पुण्यात रात्रीचे साडेबारा. आई जागीच होती. मेसेज येईपर्यंत देवाजवळच्या दिव्यात तेल घालत बसली होती, हे नंतर कळलं.

म्हणजे माझा एकांत तिच्या जागरणावर उभा होता. मग तो एकांत की चैन? हे मला अजून टोचतं. कारण त्याच यादीत मुलंबाळं, घरदार यांत गुंतू नये असंही आहे, आणि ते सोयीने वाचणं फार सोपं: आई काळजी करते, तो तिचा मोह! पण गुंतू नका म्हणजे देणं बुडवा असं नव्हे. हे कुणाला सांगितलंय ते बघा ना. सगळं सोडून भिक्षा मागून जगेन म्हणणाऱ्या अर्जुनाला. त्याला रानात धाडायला नाही, उलट तिथेच उभं करायला. प्रेक्षक सोडायचे आहेत. आई प्रेक्षक नाही.

गंमत म्हणजे या खिंडीच्या एका अंगाला वांडा लेक आणि दुसऱ्या अंगाला हेलन लेक. वांडा आणि हेलन या जॉन म्युअरच्या लेकी. एकट्याने डोंगर तुडवण्यासाठी जो माणूस ओळखला जातो, त्याच्या नावाच्या खिंडीला दोन्हीकडून लेकी!

झोपडीत मुक्कामाला परवानगी नाही. वारा वाढत होता, म्हणून हेलन लेककडे उतरायला लागले. पुढचा मेसेज संध्याकाळी सहाला पाठवायचा ठरला होता. तेव्हा पुण्यात सकाळचे साडेसहा, आईच्या पूजेची वेळ.