नव्या कामाला जामीन कोण?

काशीच्या अहिल्याबाई घाटावर दिवसभर नावाडी गिऱ्हाइकांना हाका मारत असतात. पावसाळ्यात गंगा चढली, खालच्या पायऱ्या बुडाल्या की नावा बंद होतात आणि यांतल्या कित्येकांना दुसरे काम धुंडाळावे लागते. वल्ह्याचे कसब हातात असतेच. पण गल्लीतला दुकानदार त्याला मोल देत नाही.

काम बदलू पाहणाऱ्याची अडचण नेमकी इथे आहे. वीस वर्षे बँकेत हिशेब सांभाळलेला माणूस एखाद्या सेवाभावी संस्थेत अर्ज करतो, तेव्हा पहिला प्रश्न येतो, ‘या क्षेत्रातला अनुभव किती?’ ती वीस वर्षे जणू कोणी जगलेच नाही. हल्ली तर अर्ज आधी संगणकच चाळतो. जुने पद जुळले नाही तर तो माणसाच्या नजरेसही पडत नाही. कमी पगारावर यायची तयारी दाखवली, तर ‘हा टिकेल का?’ ही शंका वर. नवे काम शिकता येते हो. त्यासाठी जामीन राहणारा मिळत नाही.

ज्यांच्या नावाचा हा घाट, त्या अहिल्याबाईंनी 1767 मध्ये होळकरांच्या दौलतीचा कारभार हाती घेतला तो बेचाळिशीच्या सुमारास. 1754 मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव पडले, तेव्हा सासरे मल्हाररावांनी सुनेला सती जाण्यापासून परावृत्त केले आणि कारभारात घेतले. पुढे तोफखाना, रसद अशी कामे ते तिला पत्रांतून सोपवीत. 1766 मध्ये मल्हारराव गेले, वर्षभरात मुलगा मालेरावही गेला. दिवाण गंगाधर यशवंतांनी दत्तकाचा आग्रह धरला, पेशव्यांचे काका राघोबादादा फौजेनिशी चालून निघाले. अखेर माधवराव पेशव्यांनी बाईंचा अधिकार मान्य केला. पण पद नावावर होण्याआधी बारा वर्षे त्या ते काम शिकत होत्या, करत होत्या. सासऱ्यांचा विश्वास हाच त्यांचा दाखला.

याच काशीत 1883 मध्ये एका मराठी वैदिक घराण्यात बाबूराव विष्णु पराडकर जन्मले. 1906 मध्ये ते ‘हिंदी बंगवासी’ या वृत्तपत्रात काम करायला कलकत्त्याला गेले, काही महिन्यांत ‘हितवार्ता’चे संपादक झाले. जोडीला बंगाल नॅशनल कॉलेजात हिंदी आणि मराठीही शिकवत. पराडकरांचे मामा सखाराम गणेश देऊस्कर बंगाली पत्रकारितेत नावाजलेले होते. परक्या शहरात असे नाव पाठीशी असणे ही मोठी गोष्ट. 1916 मध्ये राजद्रोहाच्या संशयावरून सरकारने पराडकरांना अटक केली आणि साडेतीन वर्षे नजरकैदेत ठेवले. सुटले तेव्हा वय छत्तीस, आणि माथी संशयाचा शिक्का. एरवी अशा माणसाला कोण दारात उभे करते? पण 1920 मध्ये काशीत शिवप्रसाद गुप्तांनी ‘आज’ हे दैनिक काढले, तेव्हा त्याच्या आखणीपासून पराडकर त्यात होते. गुप्तांना त्यांची लेखणी हवी होती.

चाळिशीत पोर्टलवर अर्ज भरणाऱ्याच्या मागे मल्हारराव नसतात, मामाही नसतो. त्याला काही महिने रीतसर पगार देऊन काम करून दाखवू द्यावे, एवढी सोय व्हायला हवी. प्रशिक्षणाच्या योजना आपल्याकडे आहेत, पण त्यांतल्या बहुतेक नुकत्याच शिकून बाहेर पडलेल्या मुलांसाठी आखलेल्या. दुसऱ्यांदा उमेदवार होणाऱ्यांचा विचार अजून कोणी फारसा केलेला नाही.