आईच्या शेजारी घोडा

चाळिशी उलटल्यावर चिनी लिपी गिरवायला बसणे हे काही शहाण्याचे लक्षण नव्हे, असे घरच्यांनी मला सांगून पाहिले. पण १९३८ साली भारतातून चीनला गेलेल्या पाच डॉक्टरांत सोलापूरचे डॉ. कोटणीस होते, तसे आमच्या नागपूरचे डॉ. चोळकरही होते. कोटणीस तर पुढे चिनी भाषेतूनच विद्यार्थ्यांना शिकवू लागले. त्यांच्याविषयी वाचता वाचता मी त्या अक्षरांपाशीच अडकलो.

या लिपीला बाराखडी नाही. एकेक चिन्ह सुटे पाठ करायचे. 'यमाताराजभानसलगं'च्या आधाराने गण शिकवणाऱ्या मास्तराला दुसरे काय सुचणार? प्रत्येक चिन्हाला मी एक गोष्ट चिकटवली. झाडाला टेकलेला माणूस म्हणजे विसावा. सूर्याशेजारी चंद्र म्हणजे उजेड. 'सापाला पाय काढणे' ही चार अक्षरांची म्हण तर गोष्ट घेऊनच येते : पैजेत साप सर्वांआधी चितारणारा गडी उगाच त्याला पाय काढत बसला आणि हातचा मद्याचा पेला गमावून बसला. येथवर ठीक.

'आई' या अक्षरात मात्र स्त्री आहे आणि तिच्या शेजारी घोडा! मी ठरवून टाकले, जन्मभर घोड्यासारखी राबते ती आई. वर्गात हे सांगितले तेव्हा पोरे गप्प झाली. एकाने तर निबंधात लिहिले की, चिनी लोक आईला घोडा समजतात. मी त्याला दहापैकी आठ गुण दिले.

पुढे कळले, घोडा तेथे केवळ उच्चारापुरता. घोडाही 'मा', आईही 'मा'. सूर तेवढा वेगळा. बहुतेक चिनी अक्षरे अशीच असतात, एक अंग अर्थाचे, दुसरे नादाचे.

आता वाचकहो, खोट्या गोष्टीने खरे अक्षर लक्षात राहिले, तर बिघडले काय? पोहायला शिकताना कमरेला भोपळा बांधतातच की. खरे, पण त्या मुलाला मी तो भोपळा आहे हे सांगितलेच नव्हते. शिवाय राबत होती ती माझी आई, आमच्याच स्वयंपाकघरात. ते तिच्या हयातीत मला दिसले नाही, आणि आता ते मी एका परक्या लोकांच्या माथी मारून मोकळा झालो होतो.

दुसऱ्या दिवशी वर्गात चूक कबूल केली. तो मुलगा उभा राहिला. "सर, मग माझे आठ गुण जाणार?"

गुण मी तसेच ठेवले. ते अक्षर दिसले की अजूनही आधी घोडाच आठवतो.