शत्रूला दिलेला शब्द



आपल्या रावेरहून खंडव्याकडे जाणारी गाडी धरली की केळीच्या बागा संपता संपता बुऱ्हाणपूर येते. तिथून उत्तरेला रस्त्याने थोडे पुढे गेले की सातपुड्याच्या खिंडीवर असीरगड उभा दिसतो. पायथ्यापासून सुमारे अडीचशे मीटर उंच असलेल्या या किल्ल्याला जुन्या काळी लोक दक्खनचा दरवाजा म्हणत. उत्तरेतून जो कोणी फौज घेऊन खाली उतरे, त्याला आधी या दरवाजाशी बोलावे लागे. खान्देशाचे नशीब ज्या लढाईने पालटले ती लढाई इथेच झाली. आज त्या लढाईच्या निमित्ताने आम्हाला आपल्यापुढे एक प्रश्न ठेवायचा आहे: शत्रूला दिलेला शब्द पाळावा लागतो का? की मोठ्या कामासाठी तो मोडला तर चालतो?

प्रश्न जुना आहे. गंमत अशी की असीरगडाच्या एकाच डोंगराभोवती तो तीन वेळा उभा राहिलेला दिसतो.

पहिली गोष्ट आपल्या हिंदू शेजाऱ्यांच्या तोंडून आपण सर्वांनी ऐकलेली आहे. अश्वत्थामा अजून जिवंत आहे, कपाळावरची जखम घेऊन तो रानावनात भटकतो आणि असीरगडावरच्या महादेवाला पहाटे कोणी पाहायच्या आत फूल वाहून जातो, असे लोक सांगतात. खान्देशाच्या दुसऱ्या टोकाला, नंदुरबारच्या सातपुड्यात, अस्तंबा डोंगरावर दिवाळीच्या सुमारास त्याच्याच नावाने यात्रा भरते. या अश्वत्थाम्याच्या दुःखाचे मूळ कुठे आहे? कुरुक्षेत्रावर द्रोणाचार्य आवरत नव्हते, तेव्हा अश्वत्थामा नावाचा हत्ती मारण्यात आला आणि अश्वत्थामा मेला, असे धर्मराजाकडून वदवून घेण्यात आले. हत्तीचा उल्लेख त्याने हळूच केला. द्रोणांनी शस्त्र खाली ठेवले आणि त्यांचा वध झाला. कथा सांगते की जमिनीपासून चार बोटे वर चालणारा धर्मराजाचा रथ त्या क्षणी खाली टेकला. लढाई जिंकली, पण रथ काही पुन्हा वर गेला नाही. आणि त्या अर्धसत्याचा सूड म्हणून अश्वत्थाम्याने रात्री झोपलेल्या मुलांची कत्तल केली. एका अर्ध्या वाक्याची किंमत पुढच्या पिढीने मोजली.

दुसरी गोष्ट फरिश्ता या इतिहासकाराने लिहून ठेवलेली आहे. गडावर आसा अहिराचे घराणे नांदत होते. गुराढोरांनी संपन्न असा हा माणूस दुष्काळात लोकांना धान्य वाटणारा म्हणून प्रसिद्ध होता. पंधराव्या शतकाच्या आरंभी नासिर खान फारुकीने त्याला निरोप पाठवला, की आपल्यावर शत्रू चालून येत आहेत, आपल्या बायकामुलांना गडावर आसरा द्यावा. आसाने होकार दिला. डोल्या वर चढल्या. आसा आपल्या मुलांसह पाहुण्यांच्या स्वागताला गेला, तेव्हा डोल्यांतून हत्यारबंद शिपाई बाहेर पडले. दुष्काळात ज्याने दार उघडे ठेवले, त्याचा घात उघड्या दारानेच झाला.

तिसरी गोष्ट मात्र इतिहासातली असून तिच्याशी आपल्या ख्रिस्तसभेचा थेट संबंध आहे. इ. स. १६०० मध्ये बादशहा अकबर स्वतः बुऱ्हाणपूरला आला आणि त्याने असीरगडाला वेढा दिला. आत फारुकी घराण्यातला बहादूरशाह होता. त्याचे वडील राजा अलीखान १५९७ मध्ये मोगलांच्याच बाजूने लढताना पडले होते. बादशहाच्या छावणीत फादर जेरोम झेवियर आणि ब्रदर बेंतो द गोइश हे दोघे येशूसंघीय होते. फादर जेरोम हे आपल्या संत फ्रान्सिस झेवियर यांच्याच कुळातले. त्यांच्या पत्रांवरून युरोपात जी हकिकत छापली गेली, ती अशी: वेढा लांबला, गड काही पडेना. उत्तरेत शाहजादा सलीम बंड करून उठलेला, त्यामुळे बादशहाला घाई होती. त्याने बहादूरशाहाला भेटीला बोलावले आणि तू सुखरूप परत जाशील, अशी आपल्या मस्तकाची शपथ वाहिली. त्या शपथेवर विसंबून बहादूरशाह खाली आला आणि त्याला अडकवून ठेवण्यात आले. गडाच्या हबशी किल्लेदाराने आपल्या मुलाला जाब विचारायला पाठवले. तो बाणेदारपणे बोलला म्हणून त्याला ठार करण्यात आले. हे ऐकून बापाने स्वतःचा जीव दिला. नंतर सोन्याच्या जोरावर आतली माणसे फोडण्यात आली आणि जानेवारी १६०१ मध्ये गड पडला. बहादूरशाहाची रवानगी ग्वाल्हेरच्या किल्ल्यात झाली. सुमारे दोनशे वर्षांचे फारुकी राज्य संपले.

आता इथे थांबून न्यायाने बोलले पाहिजे. दरबारचे इतिहासकार ही हकिकत अशी सांगत नाहीत. गडात रोगराई पसरली, आतल्या लोकांत फाटाफूट झाली आणि बहादूरशाह शरण आला, असे त्यांचे म्हणणे आहे. अबुल फजल स्वतः या मोहिमेत होता. १९१७ साली इतिहासकार व्हिन्सेंट स्मिथ यांनी येशूसंघीयांची बाजू उचलून धरली. पुढच्या काही अभ्यासकांनी ती नाकारली. आपण पाद्री आहोत म्हणून पाद्र्यांचेच खरे मानावे, असे आम्ही म्हणणार नाही. आठवी आज्ञा मेलेल्या माणसाविषयीही खोटी साक्ष देण्यास मनाई करते. अकबराचा न्याय परमेश्वराने केलेला आहे. आपल्याला विचार करायचा आहे तो त्या कृत्याचा: असे कोणी केले असेल, तर ते योग्य की अयोग्य?

शब्द मोडणाऱ्याच्या बाजूने तीन कारणे सांगता येतात. ती हलकी समजू नयेत.

पहिले कारण असे की त्यामुळे रक्तपात टळतो. वेढा आणखी वर्षभर चालला असता तर हजारो शिपाई आणि आसपासच्या गावांतले गोरगरीब मेले असते. एकाला फसवून हजार वाचले, तर त्यात वाईट काय? हे सर्वांत जोरकस कारण आहे. पण थोडे पुढे पाहा. कोणतीही लढाई अखेर कशाने थांबते? शब्दाने. शस्त्र खाली ठेव, तुला मारणार नाही, हे एकाने म्हणायचे आणि दुसऱ्याने त्यावर विश्वास टाकायचा. हा विश्वासच मेला तर पुढच्या किल्ल्यातला किल्लेदार शरण कशाला येईल? तो शेवटच्या माणसापर्यंत लढेल. म्हणजे आज वाचवलेले हजार जीव उद्याच्या दहा लढायांत व्याजासकट द्यावे लागतील. शत्रूला दिलेला शब्द हा तहाकडे जाणारा एकमेव पूल आहे. तो जाळून नदी पार केल्याचा आनंद फार दिवस टिकत नाही.

दुसरे कारण असे की समोरचाही काही साधू नव्हता. फारुकींनी गड कपटानेच घेतला होता, मग कपटानेच गेला, फिटंफाट झाली. ऐकायला हे गोड वाटते. पण या हिशेबात आसा अहिराला काय मिळाले? दीडदोनशे वर्षांपूर्वी मारल्या गेलेल्या त्याच्या मुलांना काय मिळाले? एका खोट्याने दुसरे खोटे पुसले जात नाही, खोट्यांची संख्या मात्र दोन होते.

तिसरे कारण शब्दांच्या कसरतीचे आहे. आपण म्हणतो, मी तसे म्हटलेच नव्हते, माझ्या बोलण्याचा अर्थ वेगळा होता. धर्मराजाचा रथ खाली आणणारे कारण हेच. शपथ घेणाऱ्याच्या मनातल्या पळवाटेवर शपथेचा अर्थ ठरत नसतो. ऐकणाऱ्याने सरळ मनाने जे समजावे आणि आपण जे त्याला समजू दिले, त्याला आपण बांधलेले असतो.

आपल्या ख्रिस्तसभेच्या आचार्यांनी यावर स्पष्ट विचार केला आहे. पाचव्या शतकात संत ऑगस्टिन यांनी बोनिफेस नावाच्या सेनापतीला लिहिलेल्या पत्रात हेच बजावले, की ज्याच्याशी युद्ध चालू आहे त्या शत्रूला दिलेले वचनही पाळावे. तेराव्या शतकात संत थॉमस अॅक्विनास यांनी एक उपयुक्त भेद केला. आपले बेत शत्रूपासून लपवणे, दबा धरून बसणे, वाट बदलणे, रात्री अचानक हल्ला करणे, ज्याला आपण मराठी माणसे गनिमी कावा म्हणतो, त्यात अन्याय नाही. कारण आपले मन शत्रूपुढे उघडे करण्याचे वचन आपण दिलेले नसते. पण खोटे सांगून किंवा दिलेले वचन मोडून फसवणे हे शत्रूच्या बाबतीतही केव्हाच क्षम्य नाही. गप्प राहणे वेगळे आणि विश्वास मागून घेऊन मग तो मोडणे वेगळे. पहिल्यात शत्रूचे अज्ञान वापरले जाते. दुसऱ्यात त्याचा चांगुलपणा वापरला जातो. आणि दुसऱ्याचा चांगुलपणा हत्यार म्हणून वापरणे यासारखे नीच काम नाही.

हे सगळे आपल्याला माहीत होते, म्हणून आपण तसे वागलो, असे मात्र छातीवर हात ठेवून म्हणता येत नाही. बोहेमियातील जॉन हुस यांना सम्राट सिगिस्मुंड यांनी सुरक्षित येण्याजाण्याचे अभयपत्र दिले होते. त्या भरवशावर ते कॉन्स्टन्सच्या धर्मपरिषदेला आले आणि १४१५ मध्ये त्यांना जिवंत जाळण्यात आले. पाखंडी माणसाला दिलेला शब्द बांधत नाही, असा युक्तिवाद तेव्हा झाला. असीरगडाच्या सुमारे एकशे पंच्याऐंशी वर्षे आधीची ही आपल्या घरातली गोष्ट आहे. १९९९ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी हुस यांच्या क्रूर मृत्यूबद्दल तीव्र खेद व्यक्त केला. जी ख्रिस्तसभा आपली चूक कबूल करते, तिलाच दुसऱ्याशी सत्याविषयी बोलण्याचा अधिकार राहतो.

याच वेढ्यातली आणखी एक हकिकत सांगण्यासारखी आहे. बादशहाने फादर झेवियर यांना सांगितले, की चौलच्या पोर्तुगिजांना पत्र लिहा आणि तोफा, दारूगोळा मागवा. फादरांनी हे आपल्या धर्माला धरून नाही असे सांगून नकार दिला. बादशहा संतापला आणि त्यांना काही काळ दूर व्हावे लागले. फारुकींशी पोर्तुगिजांची मैत्री होती, म्हणून हा नकार सोयीचाही होता, असे म्हणणारे आहेत. आणि ते अगदीच खोटे नसेल. माणसाचे हेतू क्वचितच धुतल्या तांदळासारखे असतात. पण ज्याच्या छावणीत आपण राहतो, ज्याचे अन्न खातो, त्याला तोंडावर नाही म्हणणे सोपे नसते. नाही म्हणायचे होते तर ते नाही म्हणाले. होकार देऊन पत्र वाटेत हरवले असे त्यांनी दाखवले नाही. पर्वतावरील प्रवचनात प्रभू येशू शपथाच घेऊ नका असे शिकवतो, त्याचा अर्थ इथे उलगडतो: ज्याचा होकार खरा आणि नकारही खरा, त्याला मस्तकाची शपथ वाहण्याची गरजच पडत नाही. शपथेवर शपथ घेणारा माणूस आपल्या साध्या बोलण्याची किंमत आपणच कमी करत असतो.

आता किल्ल्यावरून खाली आपल्या गावात येऊ. आपल्यापैकी कोणाकडे फौज नाही. पण शब्द प्रत्येकाकडे आहे. केळीची कापणी ठरते तेव्हा बोलणे एका भावाचे होते. गाडी भरली, घड बागेबाहेर गेले, की मग माल हलका निघाला असे सांगून भाव पाडला जातो. कापलेला घड परत खोडाला लावता येत नाही हे दोघांनाही ठाऊक असते, म्हणूनच तो क्षण निवडला जातो. बहादूरशाह गडाखाली आल्यावर जे झाले म्हणतात, त्याहून हे वेगळे कसे? मजुराला शनिवारी देतो म्हणून सांगायचे आणि तीन शनिवार फिरवायचे. भावाभावांत जमिनीची वाटणी आईसमोर बोलून ठरवायची आणि आईच्या माघारी कागद दाखवायचा. लेकराच्या डोक्यावर हात ठेवून दारू सोडायची. लग्नात वेदीसमोर दिलेले वचन, स्नानसंस्काराच्या वेळी धर्ममातापित्यांनी दिलेला शब्द: हे तर परमेश्वराच्या नावाने दिलेले आहेत.

आणि आपल्याला सर्वांत सहज मोडता येतो तो शब्द कोणाला दिलेला असतो? ज्याच्याशी आपले पटत नाही, त्याला. त्याने कुठे पाळला होता, असे म्हणून आपण मोकळे होतो. म्हणून आपला शब्द खरा आहे की नाही याची परीक्षा मित्रापाशी होत नाही, शत्रूपाशी होते. मित्राला दिलेला शब्द पाळण्यात प्रेम आणि लाभ दोन्ही मिसळलेले असतात. शत्रूला दिलेला शब्द आपण पाळतो तेव्हा तो केवळ सत्यासाठी आणि परमेश्वरासाठी पाळतो.

गड जिंकल्यावर बादशहाने आपला मुलगा दानियाल याच्या नावावरून खान्देशाचे नाव दानदेश ठेवले. दानियाल काही वर्षांतच बुऱ्हाणपूर इथे वारला. नाव टिकले नाही. आपण आजही खान्देशीच आहोत. या विजयाचा लेख १६०१ मध्ये फत्तेपूर सिक्रीच्या बुलंद दरवाजावर कोरला गेला आणि त्याच लेखात प्रभू येशूच्या नावाने एक वचन घातले गेले. हे जग केवळ पार करायचा पूल आहे, त्यावर घर बांधू नये, असा त्याचा आशय आहे. हे वचन आपल्या शुभवर्तमानांत नाही. मुसलमान बांधवांच्या परंपरेत ते येशूचे म्हणून चालत आले आहे. दक्खनचा दरवाजा जिंकला म्हणून कोरलेल्या लेखात, जिंकलेले काहीच आपले नसते, असे लिहिलेले असावे, हे नवल नव्हे काय? ज्याने ते कोरवले, त्याच्या मनात तेव्हा काय होते ते परमेश्वर जाणे. पण पुलावरून जाणाऱ्या माणसाबरोबर गड येत नाही, बाग येत नाही, वाटणीची जमीन येत नाही. पाळलेला शब्द मात्र पलीकडे बरोबर येतो, आणि मोडलेलाही.

येत्या आठवड्यात आपण प्रत्येकाने, ज्याच्याशी आपले पटत नाही अशा एका माणसाला दिलेला एक शब्द आठवावा आणि तो पुरा करावा. शक्य नसेल तर त्याच्या दारी जाऊन तसे सरळ सांगावे.

हे प्रभू, तू आम्हाला दिलेले वचन आम्ही तुझे वैरी असतानाही पाळलेस. आमच्या जिभेला तुझ्या विश्वासूपणाचा थोडा अंश दे. आमेन.