क्षमेचा प्रवेश

दिवाळी झाली, धान कापून खळ्यावर आले, म्हणजे आमच्या झाडीपट्टीत नाटकांचे दिवस येतात. चंद्रपूर-गडचिरोलीकडचा हा धानाचा आणि जंगलाचा मुलूख. भंडारा-गोंदियाही त्यातच मोडतात. गावोगाव मंडई भरते, कोठे शंकरपट असतो, आणि रात्री दहाच्या सुमारास शेतातल्या मांडवात जे नाटक सुरू होते ते उजाडू लागले म्हणजे संपते. वडशाला, म्हणजे देसाईगंजला, या नाटक मंडळ्यांची कार्यालये आहेत. गावची मंडळे तेथे जाऊन नाटक ठरवितात. घरोघर पाहुणे उतरतात, सासरी गेलेल्या लेकी येतात, आणि नाटकाच्या निमित्ताने एखादी सोयरीकही जुळून जाते. २०२३ साली या रंगभूमीवरील परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा पुण्या-मुंबईकडे तिचे नाव पुष्कळांना नव्याने कळले. आम्हांला ते कळावयाचे राहिले नव्हते. आमच्या थंडीच्या झोपा तिनेच खाल्ल्या आहेत.

या नाटकांत राजेरजवाडे थोडे, संसार फार. नवरा दारूच्या किंवा दुसऱ्या बाईच्या नादी लागतो. सासू कान भरते. सून मुकाट्याने सोसते. मधे गाणी होतात, विनोदी पात्र येऊन पोटभर हसवून जाते, आणि पहाटेच्या गार वाऱ्यात शेवटचा प्रवेश येतो. नवऱ्याचे डोळे उघडतात. तो बायकोच्या पायांवर कोसळतो. ती त्याला उठवून उराशी धरते. शालीत गुरफटलेल्या शेकडो बायका डोळ्यांना पदर लावतात. पुरुषही खोकल्याचे निमित्त करून तोंड फिरवितात.

मला लिहावयाचे आहे ते या एका प्रवेशाविषयी. त्या माऊलीने जे केले, ती क्षमा होती काय?

या बाईचे कुळ जुने आहे. गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’तली सिंधू ही तिची थोरली बहीण. दारुड्या सुधाकराच्या हातून पोटचे पोर जाते, ती स्वतः घायाळ होते, आणि तरीही त्याला वाचविण्यासाठी ती खोटे सांगते. गडकरी १९१९च्या जानेवारीत आमच्याच विदर्भात, सावनेरला वारले; त्याच वर्षी हे नाटक रंगभूमीवर आले, आणि सिंधू झाले बालगंधर्व. आमच्या झाडीतल्या दंडारीतही बायकांची कामे लुगडे नेसून पुरुषच करीत. म्हणजे बाईने कसे सोसावे हे पुरुषाने लिहिले, पुरुषाने करून दाखविले, आणि बायकांनी ते पाहून घरी नेले. यात कोणाचा कावा होता असे मी म्हणत नाही. गडकऱ्यांचा कळवळा खरा होता, गंधर्वांचे अश्रूही खरे असतील. पण कळवळ्याने काढलेले चित्रसुद्धा पुढे कित्ता होऊन बसते.

हे एकट्या मराठी माणसाचे वेड असते तर सोडून दिले असते. माझा एक भाचा नागपूरला असतो आणि त्याला परदेशी चित्रपटांचा नाद आहे. गेल्या उन्हाळ्यात त्याने मला मेक्सिकोतले काही जुने स्पॅनिश बोलपट दाखविले. भाषेचा एक शब्द कळत नव्हता, खालची इंग्रजी अक्षरे वाचता वाचता चष्मा पुसावा लागत होता. पण माणसे मात्र सगळी ओळखीची! सारा गार्सिया नावाच्या नटीने तेथे सोसणाऱ्या, क्षमा करणाऱ्या आयांची आणि आज्यांची इतकी कामे केली की लोक तिला साऱ्या देशाची आजी म्हणू लागले. तिचे चित्र चॉकलेटच्या वेष्टनावर छापले गेले. आपल्याकडे तिचा फोटो खचित पापडाच्या पाकिटावर आला असता.

त्यांतलाच एक बोलपट मात्र निराळा निघाला. ‘ऊना फामिलिया दे तांतास’, म्हणजे ‘असल्याच घरांपैकी एक’. आलेहांद्रो गालिंदो याचा हा चित्रपट १९४९ साली पडद्यावर आला. घरात बापाचा शब्द म्हणजे कायदा. एके दिवशी केर ओढून घेणारे यंत्र विकणारा एक तरुण दारात येतो, बोलता बोलता घरात शिरतो, आणि यंत्राबरोबर नवे वारेही आत आणतो. पंधराव्या वर्षात आलेली मारू त्याच्यावर जीव लावते. बापाने ठरविलेले स्थळ ती नाकारते, आणि लग्नाच्या दिवशी बापाच्या संमतीवाचून उंबरठा ओलांडते. कोणी कोणाच्या पाया पडत नाही. मला वाईट वाटले ते मागे राहिलेल्या आईचे. मुलीला दार सापडले. आईला ते कधी नव्हतेच.

दाराचा हा मुद्दा माझ्या मनात घट्ट बसला तो मात्र आमच्या मांडवात. एका नाटकात शेवटचा प्रवेश चालला असता मी शेजारच्या म्हाताऱ्या बाईंना हळूच म्हटले, “फारच लवकर माफ केले हो हिने!” बाई डोळे पुसत म्हणाल्या, “माफ नाही करन त जाइन कोठं बिचारी?”

बाईंनी तत्त्वज्ञान शिकलेले नव्हते, पण नेमके वर्म त्यांनी सांगितले. दान द्यावयाचे तर ते न देण्याची मोकळीक हवी. जे नाकारता येत नाही त्याला कर म्हणतात. क्षमेचेही तसेच आहे. जिला निघून जाता येते आणि तरी जी राहते, तिच्या राहण्याला प्रेम म्हणावे. जिला जावयाला जागाच नाही, तिच्या मनात प्रेम असेलही, पुष्कळदा असतेच. पण तिच्या राहण्यावरून ते ओळखता येणार नाही. तिला नाही, नवऱ्याला नाही, प्रेक्षकांना तर नाहीच. पायावर कोसळलेल्या त्या नवऱ्याचेही यात नुकसानच आहे. आपल्याला खरोखर क्षमा मिळाली की नाही, हे त्याला जन्मभर कळावयाचे नाही.

क्षमेवाचून संसार चालत नाहीत हे मला मान्य आहे. मी क्षमेच्या विरुद्ध नाही, दार बंद असण्याच्या विरुद्ध आहे. आणि दार उघडे असले की घरे मोडतात, असेही दिसत नाही. आमच्याच जिल्ह्यांतल्या गोंड-माडिया लोकांत देज नवऱ्याकडून द्यावयाचे असते. बाईला नांदावयाचे नसेल तर ती दुसऱ्याचे घर करू शकते. मग पंच बसतात, पहिल्याचे देज नव्याने भरून देण्याचे ठरते, आणि प्रकरण मिटते. तरी त्यांचे संसार टिकतातच. शहरी पाहुण्यांनी हे ऐकून लगेच आदिवासींचा स्वर्ग रंगवू नये. त्याच गावांत विटाळाच्या दिवसांत बायकांना गावाकडेच्या कुर्माघरात राहावे लागते, मग पाऊस असो की साप.

आता कायद्यानेही दार थोडे किलकिले केले आहे. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या २००५च्या कायद्याने बाईला नांदत्या घरात राहण्याचा हक्क दिला. ‘जाइन कोठं’ याला ते सरकारी उत्तर. दुसरे उत्तर बायकांनी स्वतःच शोधले. दारूबंदीसाठी त्या मोर्चे घेऊन रस्त्यावर आल्या. गडचिरोलीत १९९३ साली बंदी झाली, चंद्रपुरात १ एप्रिल २०१५ पासून; चंद्रपूरची २०२१ साली उठली. बंदीने किती साधले यावर वाद घालणारे घालोत. मला नवल वाटते ते एवढेच, की मांडवात पदर ओला करणाऱ्या बायका दिवसा मात्र नवऱ्याचे डोळे आपोआप उघडण्याची वाट पाहत बसल्या नाहीत.

आणि ती सोशिक सून रंगविणारी नटी? आता ही कामे बायकाच करतात. हंगामाचे चार-पाच महिने त्या घरापासून दूर राहतात. रोज निराळे गाव, रात्रभर प्रयोग, दिवसा प्रवासात झोप. कितीकींच्या कमाईवर घर चालते. अशा एका बाईंना मी विचारले, “तुम्ही खऱ्या आयुष्यात अशी क्षमा केली असती का?” रंग पुसता पुसता त्या हसल्या आणि म्हणाल्या, “मास्तर, त्याचे वेगळे पैसे पडतील.”

माझे एक नाटककार स्नेही आहेत. त्यांना मी सुचविले, “तिने नवऱ्याला उठवायच्या आधी तिचा भाऊ येऊ द्या. भाऊबीजेला येतो तसा, पण चार दिवसांसाठी नव्हे. त्याने म्हणावे, ‘ताई, माझ्या घरात तुझी खोली आहे, पोरांची शाळा आहे. यायचे तर चल.’ मग तिला ठरवू द्या. राहिली तरी हरकत नाही.”

ते म्हणाले, “लोक खुर्च्या फेकतील.” मग म्हणाले, “शिवाय भावाच्या नटाची एक नाइट वाढेल, मंडळी ऐकायची नाही.” बिडी संपेपर्यंत ते गप्प होते. नंतर आपणच म्हणाले, “पहिल्या अंकातला सावकार दोन वाजताच मोकळा होतो. मिशी काढून त्यालाच उभा केला तर?”