ऋणको आणि मिंधे

कराडचे यशवंतराव चव्हाण 1964 साली संरक्षणमंत्री या नात्याने दोन्ही महासत्तांच्या दारी जाऊन आले. मे महिन्यात वॉशिंग्टन, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये मॉस्को. अमेरिकेकडून भारताला एफ-104 स्टारफायटर विमाने हवी होती. पाकिस्तानला ती आधीच मिळाली होती. भारताला नकार मिळाला. त्याच दौऱ्यात नेहरूंच्या निधनाची बातमी आली आणि चव्हाण परतले. रशियाने मात्र मिग-21 दिले, वर ते भारतात बांधण्याचा परवाना दिला, आणि त्या विमानांचे सांगाडे नाशिकजवळ ओझरला तयार होऊ लागले.

अमेरिका आणि चीन यांच्या चढाओढीला ‘नवे शीतयुद्ध’ म्हणण्याची प्रथा पडल्यापासून या जुन्या इतिहासाचा निकाल एका वाक्यात लागतो: भारताने दोन दगडांवर पाय ठेवले, अलिप्ततेचा जप करत दोन्हीकडून मिळेल ते घेतले. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, हा या मताचा खरा पाया. जो घेतो तो बांधला जातो. दोघांकडून घेतो तो दोघांना फसवतो. ऐकायला हे चोख वाटते. पण घेणे एकाच जातीचे असते, असे त्यात मुकाट्याने धरून चाललेले असते.

या काळाविषयीच्या काही समजुती तर नुसत्या तारखांनीच ढासळतात. सहकारी साखर कारखाने म्हणजे भांडवलशाही आणि साम्यवाद यांच्यामधला तिसरा मार्ग, असेही सांगली-कराडकडे अभिमानाने सांगितले जाते. पण सहकार त्या झगड्याहून जुना: सहकारी पतसंस्थांचा कायदा 1904 चा आहे, रशियन क्रांती 1917 ची. तेवढ्याने तो मुद्दा संपतो. गाजरगवत अमेरिकेने गव्हातून मुद्दाम पाठवले, या समजुतीचेही तसेच. पुण्यात त्या गवताची नोंद 1955-56 च्या सुमारास झाली आणि पीएल-480 या अमेरिकी अन्नसाह्य कायद्याखाली भारताचा पहिला करार ऑगस्ट 1956 चा. तारखाच नीट जुळत नाहीत.

टाळी-पोळीचा न्याय माणसांना लावून पाहिला तर तो पहिल्याच पायरीवर अडखळतो. रशियावर हिटलरचा हल्ला झाल्यावर कम्युनिस्ट पक्षाने महायुद्धाला ‘लोकयुद्ध’ ठरवले आणि 1942 च्या आंदोलनापासून तो बाजूला राहिला. त्याच वेळी क्रांतिसिंह नाना पाटील भूमिगत होते आणि वाळवा, तासगाव, कराड या पट्ट्यात ब्रिटिश राजवटीला समांतर असे प्रतिसरकार उभे राहत होते. पुढे शेतकरी कामगार पक्षामार्गे नाना पाटील त्याच कम्युनिस्ट पक्षात गेले आणि 1957 मध्ये साताऱ्यातून लोकसभेवर निवडून आले. मतदाराने त्यांना मत दिले ते मुंबईसह संयुक्त महाराष्ट्रासाठी. वाटेगावच्या अण्णाभाऊ साठे यांनी 1943 मध्ये स्तालिनग्राडचा पोवाडा रचला, तेव्हा मॉस्कोची पोळी त्यांच्या ताटात नव्हती; रशियाचा प्रवास घडला तो 1961 मध्ये, अठरा वर्षांनी. इथे टाळी आधी वाजली, आणि ती शिवाजी महाराजांच्या पराक्रमासाठी घडलेल्या शाहिरी बाजात वाजली.

खरा भेद ऋणको आणि मिंधा यांच्यातला आहे. ऋणकोला रक्कम, व्याज आणि मुदत ठाऊक असते. शेवटचा हप्ता भरला की त्याला सावकाराच्या दारावरून मान वर करून जाता येते. मिंध्याच्या देण्याला आकडाच नसतो. फेड केव्हा मागायची, कशात मागायची, हे देणारा ठरवतो, आणि बहुधा ती गप्प बसण्यातच मागितली जाते. प्रतिसरकारचा सावकारांवर रोष होता तोही त्यांनी पैसे दिले म्हणून नव्हता. एकाच कुळाला पिढ्यान्‌पिढ्या हिशेबाबाहेर ठेवले जाई, हे त्यामागचे कारण होते.

पाटण तालुक्यातला कोयना प्रकल्प हे ऋणकोचे स्वच्छ उदाहरण. त्यासाठी जागतिक बँकेने 1959 मध्ये 2.5 कोटी डॉलरचे कर्ज दिले. या बँकेत अमेरिकेचा वाटा सर्वांत मोठा आणि सोव्हिएत संघ सभासदही नव्हता, म्हणजे पैसा कुठल्या गोटातला होता यात शंका नाही. तरीही तो हप्त्यांनी फेडायचा पैसा होता. (धरणाच्या शिवसागर जलाशयात ज्यांची गावे बुडाली त्यांचे देणे मात्र असे मुदतीत कधी फिटले नाही, तो हिशेब महासत्तांचा नव्हे, मुंबईच्या सरकारचा.)

पीएल-480 चा गहू अधिक गुंतागुंतीचा. कागदावर ती विक्री होती, तीही रुपयांत. पण 1965 ते 1967 या दुष्काळी काळात अध्यक्ष जॉन्सन यांनी जहाजे थोडी थोडी, जवळजवळ महिन्याच्या हिशेबाने सोडली आणि व्हिएतनामवरची भारताची टीका त्यांना खुपत राहिली. करार तोच, गहू तोच. मात्र मुदत देणाऱ्याच्या मर्जीवर गेली आणि ऋणकोचा मिंधा होऊ लागला. हा दोष एकट्या अमेरिकेचा मानणेही खरे नाही. ऑगस्ट 1968 मध्ये सोव्हिएत रणगाडे प्रागमध्ये शिरले, तेव्हा सुरक्षा परिषदेतल्या निषेधाच्या ठरावावर भारत तटस्थ राहिला. मिगचे हप्ते करारात लिहिलेले होते. हे मौन कुठल्याच करारात नव्हते. टाळी-पोळीवाल्यांच्या हाती खरा पुरावा असेल तर तो हा आहे, आणि तो मान्य केला पाहिजे. पण त्यातून सिद्ध होते ते एवढेच, की ऋणको बेसावध राहिला तर मिंधा होऊ शकतो. घेणारा प्रत्येक जण मिंधाच असतो, हे त्यातून निघत नाही.

पुढच्या दुष्काळाने हे दाखवलेही. 1972 मध्ये माण, खटाव, जत, आटपाडीची माणसे खडी फोडायला गेली आणि घरोघरी लाल मिलोच्या भाकरी थापल्या गेल्या. ही अमेरिकी मिलो विकत घेतलेली होती, सवलतीची नव्हे; सवलतीचा करार 1971 मध्येच संपला होता. सोव्हिएत संघाने 1973 मध्ये 20 लाख टन गहू दिला तो उसना, गव्हानेच परत करण्याच्या बोलीवर. वाडीवस्तीवर पायलीने दाणे उसने नेतात, त्यातलाच हा प्रकार.

पीएल-480 पोटी भारतात साठलेल्या अमेरिकेच्या रुपयांपैकी सुमारे 1,664 कोटी अमेरिकेने 18 फेब्रुवारी 1974 रोजी सोडून दिले. तेव्हा चव्हाण अर्थमंत्री होते. कर्ज फेडून घेण्यापेक्षा माफ करणे हा मिंधे करण्याचा जुना मार्ग, आणि त्या न्यायाने भारताने निदान काही काळ तरी वॉशिंग्टनची मर्जी राखायला हवी होती. बरोबर तीन महिन्यांनी, 18 मे रोजी, पोखरणला अणुस्फोट झाला.