मिळालेला वेळ कुणाचा?



फुप्फुसाच्या कडेची लहानशी गाठ साध्या दुर्बिणीच्या टप्प्यात सहसा येत नाही. २०१८ साली अमेरिकेत मान्यता मिळालेल्या 'मोनार्क' या रोबोच्या साह्याने डॉक्टर तोंडावाटे बारीक नळी श्वासनलिकेच्या दूरच्या फांद्यांत नेतात व गाठीचा तुकडा तपासणीसाठी काढतात. कर्करोग असल्यास लवकर कळतो. उपचाराला वेळ मिळतो.

पण हा वेळ कुणाचा? आपण घरचे लोक रिपोर्ट लपवतो, 'साधा कफ आहे' म्हणतो. हेतू प्रेमाचाच असतो. तरीही उपचाराचा निर्णय, राहिलेली कामे, भावाभावांतला समेट हे सारे आजारी माणसाच्या हातून आपण काढून घेतो. ज्याचा वेळ त्याला देऊ या. सत्य हळुवारपणे सांगू या, आणि सांगून झाल्यावर त्याच्याजवळ बसून राहू या.